तोताराम मुकादमाचे चौदा दिवस

मंडळी,

जरा पुढे सरका. मागे उन्हात उभे आहेत त्यांना सावलीत येऊ द्या. बायांना पुढे बसायला जागा करा.

गावात सभेला परवानगी मिळाली नाही, म्हणून तुम्ही सगळे तापी ओलांडून इथं जैनाबादला आलात. कोणी नावेनं आलात, कोणी धोतर खोचून उतारातून चालत आलात. एवढी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. तोतारामभाऊलाही वाटलं नसतं. त्याच्या आयुष्यात त्याच्यासाठी पाचपंचवीस माणसं एका जागी कधी जमली नव्हती.

मी बोलणारा माणूस नाही. मी पाणीखात्यातला कारकून. हजेरीपट भरणं, आलेल्या कागदाची नोंद करणं, गेलेल्या कागदाची नकल ठेवणं, एवढंच मला येतं. माणसांसमोर उभं केलं की आवाज बसतो. आज सकाळपासून तांब्या तोंडाला लावला की ते पाणी कुठून आलंय ते आठवतं.

तुमच्यातले काही जण विचारतील, हा साहेबांच्या हाफिसातला माणूस इथं कशाला? बरोबर आहे. काल दोघांनी मला तोंडावर विचारलं. मी बोलणार नव्हतो. पण गोदाबाईंनी निरोप धाडला. त्या तिथं पुढे बसल्या आहेत, तोतारामभाऊच्या घरच्या. त्यांनी सांगून पाठवलं, "बाबूजी, नोटीस तुमच्या हातची. तो उतरला तवा काठावर उभे तुम्ही. मंग दुसरं कोन सांगीन?"

म्हणून उभा आहे. दुसरं कारण नाही.

या काठची शेतकरी मंडळी बसली आहेत. तुम्हाला कदाचित नीट ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आपल्या बुऱ्हाणपुराला जे पाणी येतं ते नदीचं नाही. सातपुड्याच्या बाजूनं, जमिनीखालून, बादशाही काळात खोदलेल्या भुयारातून ते येतं. त्या भुयारावर थोड्याथोड्या अंतरानं विहिरीसारखी तोंडं आहेत. त्यांना आपण कुंड्या म्हणतो. वरून वाकून बघितलं तर खाली काळोख, आणि काळोखात पाणी वाहिल्याचा आवाज. त्या पाण्यात चुना फार. तो भिंतींवर चढतो, वर्षाला बोटबोट चढतो, आणि भुयार अरुंद होत जातं. मग माणूस खाली सोडावा लागतो. तो गुडघाभर पाण्यात वाकून, कंदिलाच्या उजेडात पहारीनं तो चुना खरवडतो आणि टोपल्या वर पाठवतो. गावातल्या प्रत्येक घरचा हंडा त्या माणसाच्या पाठीवर भरतो. हे गावाला माहीत नाही. मलाही नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

मुकादम धरून अशी बारा माणसं होती. त्यांचा मुकादम तोताराम.

कसा होता तो? मी त्याला सात वर्षं पाहिलं. उंच नव्हता. खांदे रुंद, आणि पाठीला कायमचा थोडा बाक. मुकादम म्हणजे काठावर उभं राहून ओरडणारा माणूस असं आपल्याला वाटतं. हा कुंडीत पहिला उतरायचा आणि शेवटचा वर यायचा. खाली उतरला की आधी पहारीनं भिंतीवर ठोके द्यायचा. एक इथं, एक तिथं. कान लावून ऐकायचा. मग वरच्यांना हाक मारायचा, "या रे." किंवा म्हणायचा, "आज नाही. उद्या बघू." त्याच्या "आज नाही" ला कोणी का म्हणून विचारलं नाही. सात वर्षांत त्याच्या टोळीतला एकही माणूस खाली मेला नाही.

बोलणं कमी. हसणंही कमी. पण रहीमचाचांची चेष्टा करायचा. रहीमचाचा दोर धरायचे, वीस वर्षं त्यांनीच धरला. दोघांचं सारखं चालायचं. तोताराम खालून ओरडायचा, "चाचा, झोपले का?" आणि चाचा वरून, "तू मर गया क्या?" रोजचं होतं ते. आता चाचांना ते आठवलं की ते कानांवर हात ठेवतात. सकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. आज ते आले नाहीत. त्यांना येववलं नाही.

मंडळी, मागच्या उन्हाळ्यात उखर्डूचा पाय गेला, ते तुम्हाला आठवत असेल. उखर्डू टोळीतला सगळ्यात धडधाकट गडी. त्या दिवशी तोताराम तापानं घरी पडला होता. खात्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियर साहेबांनी टोळी दुसऱ्याच्या हाताखाली उतरवली. भिंतीचा तुकडा सुटला. पाय गुडघ्यापासून गेला. तोताराम ताप अंगात घेऊन धावत आला, उखर्डूला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत गेला. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला.

म्हणाला, "बाबूजी, मले एक सांगा. आमचं गाऱ्हानं ऐकायचं काम कोनाचं?"

मी म्हटलं, "सेक्रेटरी साहेबांचं." सरकारनं या कामावर जी पाणी-कमिटी नेमली आहे, तिचे सेक्रेटरी.

तो गेला. एकटा नाही गेला, टोळीला घेऊन गेला. साहेब म्हणाले, "असा जमाव घेऊन यायचं नाही. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं एकेकट्यानं आत यावं." मग एकेक जण आत गेला. मी दाराशीच बसतो, मला सगळं दिसतं. माणूस आत जाताना मान ताठ असायची. बाहेर येताना खाली. आत काय व्हायचं? काही नाही. साहेब फक्त विचारायचे, "तुझं काम चांगलं आहे. तुला काय त्रास आहे? तुझ्या भावाला पण लावायचा होता ना कामाला?" बस. एवढंच. एकट्या माणसाला एवढं पुरतं.

शेवटी तोताराम आत गेला. दार उघडंच राहिलं होतं. मी ऐकलं. तो म्हणाला, "साहेब, कुंडीत आम्ही एकएकटे उतरत नाही. एक खाली, एक दोरावर, एक कंदिलावर. मंग तुमच्या खोलीत एकएकट्यानं काहून यावं?"

साहेबांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "दार लाव."

मी लावलं.

त्यानंतर युनियन झाली. खंडव्याचे एक वकीलसाहेब आले, त्यांनी रीत समजावली, बारा जणांचे अंगठे घेतले, कागद नोंदणीला गेला. मी त्यात नव्हतो. सरकारी माणसानं त्यात असू नये, असं मला वाटायचं. पण संध्याकाळी काम सुटलं की तोताराम माझ्या ओसरीवर येऊन बसायचा. त्याला वाचता येत नव्हतं. वकिलांनी दिलेलं कायद्याचं पुस्तक तो कापडात गुंडाळून आणायचा आणि म्हणायचा, "वाचा बाबूजी. सावकाश वाचा." मी इंग्रजी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. एखादं कलम तीनतीनदा वाचायला लावायचा. माझी बायको आतून चहा द्यायची आणि मला डोळ्यांनी खुणावायची, किती वेळ?

आता त्या पुस्तकात एक कलम आहे. ते मी तुम्हाला सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आलं. रेल्वे, टपाल, दिवाबत्ती, झाडूकाम, पाणी. असल्या कामावरच्या माणसांनी चौदा दिवस आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय संप केला, तर तो गुन्हा. कैद होते. आणि संप करा असं दुसऱ्याला सांगणाराही गुन्हेगार. गिरणीतल्या माणसाला तसं नाही. तुमच्या हातात लोकांचं पाणी आहे म्हणून तुम्हाला कायदा वेगळा.

तोतारामनं ऐकलं. मग म्हणाला, "बरोबरच आहे ना. लोक तहानेनं मरतील असं आपुनबी करू नये. कायदा चौदा दिवस मांगतो, तं देऊ."

टोळीतले तरणे गडी चिडले होते. ते म्हणत होते, उद्याच दोर टाकून देऊ, मग बघू कोण उतरतं. तोतारामनं त्यांना थोपवलं. "नाही. कायद्यानं जाऊ. आपुन कायदा पाळला तं त्यायले पाळावा लागीन."

ऐकलंत ना, मंडळी? आपण पाळला तर त्यांना पाळावा लागेल. किती साधा विश्वास. मला त्या दिवशी तो खरा वाटला होता.

नोटीस मी लिहिली. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतो आहे. माझ्या ओसरीवर, माझ्या दौतीतल्या शाईनं. चार मागण्या होत्या. दोर एवढा लांब द्या की एका कुंडीत उतरलेला माणूस भुयारातून पुढच्या कुंडीपर्यंत गेला तरी तो कमरेला राहील. भिंतींना लाकडाचे टेकू द्या. मुकादम भिंत वाईट म्हणाला तर त्या दिवशी कोणी उतरणार नाही. आणि आम्ही निवडलेल्या पाच माणसांशी कमिटीनं एकत्र बसून बोलावं. पाचवं काही नव्हतं. पगाराचा शब्द नव्हता त्यात.

खाली सह्या घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, "पाचांचे अंगठे घेऊ." तो म्हणाला, "नको. पकडायचं तं मले एकट्याले पकडतील. बाकीच्यायचे लेकरं लहान आहेत." मी म्हटलं, "भाऊ, कागद पक्का राहायला पाच बरे." तो ऐकेना. एकट्याचा अंगठा उठला. अध्यक्ष, तोताराम.

आणि मग उठता उठता त्यानं मला एक गोष्ट विचारली.

मंडळी, मी ज्यासाठी उभा आहे ते हे आहे. बाकीचं तुम्हाला दुसऱ्या कोणीही सांगितलं असतं. हे फक्त मला माहीत आहे.

त्यानं विचारलं, "बाबूजी, ह्या चवदा दिवसांत एखादी कुंडी मले खराब वाटली, तं मी नाही म्हनू शकतो का?"

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी ते उघडलं नाही. कलम पुन्हा वाचलं नाही. वकिलांना पत्र टाकून विचारतो म्हणालो नाही. मला भीती वाटली. नोटीस माझ्या हातची आहे हे कळलं, आणि वर टोळीनं काम थांबवलं, तर माझं काय, असं माझ्या मनात आलं. आणि मी त्याला काय सांगितलं?

मी सांगितलं, "नको भाऊ. त्याला संप म्हणतील. चौदा दिवस सांगतील ते काम करा. एकही दिवस चुकवू नका."

त्यानं मान हलवली. पुस्तक कापडात गुंडाळलं आणि गेला.

दहा दिवस गेले. कमिटीकडून बोलावणं नाही. उत्तर नाही. नोटीस पोचल्याची नोंद तेवढी माझ्या वहीत. तोताराम रोज वेळेवर. बाकीची टोळी रोज वेळेवर. त्या दहा दिवसांत हजेरीपटावर एकही खाडा नाही. मी आजवर तसा हजेरीपट पाहिला नाही.

अकराव्या दिवशी गावातल्या हौदाला पाणी कमी आलं. लालबागेच्या पलीकडच्या एका कुंडीखाली भुयार दाटलं होतं. ओव्हरसियर साहेब टोळी घेऊन गेले. मला म्हणाले, हजेरीपट घेऊन तू पण चल. सकाळचे नऊसाडेनऊ झाले असतील. ऊन चांगलं पडलं होतं. बाजूच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

तोताराम उतरला. खालून ठोके ऐकू आले. एक. मग एक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. तो वर आला. अंगावर पांढरा चिखल. ओव्हरसियर साहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, डाव्या हाताची भिंत बोलते. पोकळ झाली. टेकू लागतील. आज नाही."

साहेब म्हणाले, "आज नाही? नोटीस दिलीस म्हणून का? चौदा दिवस व्हायच्या आतच संप सुरू केलास?"

तो म्हणाला, "संप नाही साहेब. भिंत खराब आहे."

"मग मी लिहून घेतो. मुकादमानं काम नाकारलं. टोळीनं काम नाकारलं. ए बाबू, लिही."

मी वही उघडली.

तोतारामनं माझ्याकडे बघितलं. मंडळी, त्या बघण्यात राग नव्हता. तो मला पुन्हा विचारत होता. ओसरीवर विचारलं होतं तेच. सगळी टोळी उभी होती, आणि त्याला फक्त एवढंच पाहिजे होतं की मी मान हलवावी. नाही म्हण, एवढं सांगावं.

मी हजेरीपटाकडे बघितलं.

किती वेळ? मला वाटतं, दहा आकडे मोजावेत एवढाच. मी नावं बघत राहिलो. जणू ती मला ठाऊक नव्हती.

मग त्याचा आवाज आला. "बाकीचे वरतीच थांबा. कोनी उतरू नका. मी एकटाच करतो." आणि रहीमचाचांना म्हणाला, "चाचा, सांभाळा."

तो उतरला. दोन टोपल्या वर आल्या. तिसरी आली नाही. दोर कुंडीच्या तळापर्यंतच पुरतो. भुयारात चार पावलं आत जायचं तर तो कमरेचा सोडावा लागतो. लांब दोर द्या, हीच नोटिशीतली पहिली मागणी होती. त्यानं सोडला. सोडावाच लागला.

आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टाकल्यासारखा. कापसाच्या बायांनी वर मानही केली नाही. रहीमचाचांनी दोर ओढला, आणि तो रिकामाच वर आला. ते म्हणाले, "बाबूजी, रस्सी खाली आ गई." पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. मग ते कुंडीत वाकून हाका मारायला लागले.

टोळीतले सगळे उतरले. कोणाचं ऐकलं नाही. कुठली भिंत, कुठला टेकू. हातांनी उकरलं. उखर्डू एका पायावर कुबडी टेकत आला आणि काठावर बसून टोपल्या ओढू लागला. गावातून माणसं धावली. या काठावरूनही काही आली, तुमच्यातले होते. दिवस मावळायच्या आधी त्याला वर काढलं. गोदाबाई तोवर तिथं येऊन बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर भिजवला आणि त्याचं तोंड पुसलं. चुना निघत नव्हता. त्या पुसतच राहिल्या. शेवटी बायांनी त्यांचा हात धरला.

मी तिथंच उभा होतो. हातात हजेरीपट होता.

बाराव्या दिवशी त्याला तापीकाठी अग्नी दिला. तेराव्या दिवशी, म्हणजे काल, सेक्रेटरी साहेबांनी मला आत बोलावलं आणि तीन कागद सांगितले.

पहिला. नोटिशीवर ज्याची सही होती तो मयत झाला आहे, सबब नोटीस रद्द समजण्यात यावी. संप करायचा असेल तर नव्यानं नोटीस द्यावी आणि चौदा दिवस नव्यानं मोजावेत.

दुसरा. मयत मुकादमाच्या कुटुंबानं खात्याची खोली महिनाअखेर रिकामी करावी.

हे दोन्ही मी लिहिले. हो, मीच लिहिले. गोदाबाई, तुम्हाला उद्या जो कागद मिळेल त्यावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं असेल. चहा पिताना तुमच्या नवऱ्यानं तेच अक्षर बघितलं होतं आणि म्हटलं होतं, "बाबूजी, अक्षर तं मोत्यावानी आहे तुमचं." त्या अक्षरात मी तुम्हाला घराबाहेर काढलं.

तिसरा कागद असा. मयत इसम आपल्या राजीखुशीनं उतरला. कमरेचा दोर त्यानं आपल्या हातानं सोडला. त्यास कोणी हुकूम केला नव्हता. खाली साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे होती.

मी म्हटलं, "साहेब, एक दिवस द्या." ते म्हणाले, "दिला. उद्या संध्याकाळी सही करून टाक."

आज ती संध्याकाळ आहे.

पुढचं ऐका. काल दुपारपासून टोळीतल्या माणसांना पुन्हा बोलावणं सुरू झालं. एकेकट्याला. अकरा जण उरले होते. चौघांनी माफीच्या कागदावर अंगठा उठवला, युनियन सोडतो म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. कोणी देऊ नका. त्यांच्या घरी चूल आहे. सात उरले. युनियनच्या नोंदणीला कमीत कमी सात माणसं लागतात. म्हणजे आता आपण काठावर आहोत. उद्या त्या खोलीतून आणखी एक माणूस मान खाली घालून बाहेर आला, की काय उरलं?

आणि त्या सातांपुढे काय आहे ते बघा. जुनी नोटीस धरून उद्या काम बंद केलं, तर साहेब म्हणणार, नोटीस मेली, हा बेकायदा संप, चला तुरुंगात. नवी नोटीस दिली, तर आणखी चौदा दिवस काम. आणि काम कुठलं? तीच कुंडी. भुयार अजून दाटलेलंच आहे. गावाला पाणी कमीच येतंय. उद्या त्यांना तिथंच उतरवणार. त्याच भिंतीखाली, त्याच दोरावर.

इकडे तुरुंग, तिकडे कुंडी. कायद्यानं जाऊ म्हणाला होता तोताराम. हा बघा कायदा. याच्यात माणसानं जायचं कुठून?

वकीलसाहेब काल रात्रीच्या गाडीनं आले. मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं आणि तोतारामचा प्रश्न त्यांना विचारला. एखादी कुंडी खराब वाटली तर नाही म्हणता येईल का? त्यांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "जिवाच्या भीतीनं एखाद्यानं काम नाकारलं तर तो संप होत नाही, असं कोर्टात मांडता आलं असतं. मांडायला चांगली जागा होती." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे विचारलं कोणी? केव्हा?"

मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मंडळी, पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मला फक्त ते उघडायचं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, मला माहीत नाही, विचारून सांगतो. एका माणसाचा जीव एवढ्याशा वाक्यात होता आणि मला ते बोलवलं नाही. भिंत ओव्हरसियर साहेबांनी पाडली नाही. मीही पाडली नाही. पण त्याला भिंतीखाली पाठवणाऱ्यांत माझं नाव आहे. ते कोणत्या हजेरीपटात लिहायचं?

माझी बायको सकाळी म्हणाली, "तुम्ही तिथं बोलून आलात की उद्यापासून काय?" मला भीती वाटते आहे. मी शूर माणूस नाही, आणि आज अचानक झालोही नाही.

आज सकाळी ते सातजण माझ्या ओसरीवर आले. त्यांनी विचारलं, "बाबूजी, आता काय करायचं?" मी त्यांना म्हटलं, मला विचारू नका. मागच्या वेळी एकानं विचारलं होतं. ते तिथंच बसून राहिले. उठेनात. त्यांना दुसरं कोणी विचारायला नाहीच.

तर त्यांचं उत्तर मी इथं देतो. तिकडे त्या बाभळीखाली एक गृहस्थ वहीत लिहून घेत आहेत. पोलिसांचे आहेत, मला ठाऊक आहे. भाऊ, तुम्ही सावकाश लिहा. मी कारकून आहे, मला घाई कळते. पाणीखात्याचा कारकून असं लिहा. नोटीस त्यानं लिहिली असं लिहा. तोताराम मुकादमानं भिंत पोकळ आहे असं सांगितलं, आज नाही असं सांगितलं, आणि ओव्हरसियर साहेबांनी त्याला काम नाकारल्याची नोंद करण्याची धमकी देऊन उतरवलं, हे मी काठावर उभं राहून पाहिलं, असं लिहा. तिसऱ्या कागदावर माझी सही होणार नाही. माझी साक्ष ही आहे.

आणि आता पुढचं लिहा. कलमात आहे ना, संप करा असं सांगणाराही गुन्हेगार? मग ऐका.

गड्यांनो, तुम्ही सातजण. आणि तुम्ही चौघेही, तिकडे मागे तोंड लपवून बसलात ते. उद्या कोणीही त्या कुंडीत उतरू नका. दोर येईपर्यंत उतरू नका. टेकू लागेपर्यंत उतरू नका. याला संप म्हणायचं का नाही ते कोर्ट ठरवू दे. तुम्हाला कोणी विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला? तर माझं नाव सांगा. ओसरीवर जे सांगायला पाहिजे होतं, ते मी आज सांगतो आहे. उशिरा सांगतो आहे.

याचं काय होईल? मला माहीत नाही. मला वाटतं, आपण हरू. बाहेरगावाहून माणसं आणतील, त्यांना भिंतीचा आवाज कळणार नाही, आणि त्यांच्यातलाही कोणी तरी खाली राहील. मला वाटतं, महिन्याभरात गाव विसरेल. हंडा भरला की गाव विसरतं. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तोतारामला खोटं चालत नसे.

गावकऱ्यांनो, तुमच्याकडे एकच मागतो. उद्या हौदावर पाणी आलं नाही, तर या माणसांना शिव्या देऊ नका. आणि गोदाबाईंना महिनाअखेर कोणी एक खोली द्या. त्या मागणार नाहीत. म्हणून मी मागतो.

आता उभे राहा सगळे. म्हाताऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. टोप्या काढा. लेकरांना गप्प करा. कोणी भाषण करू नका, कोणी जयजयकार करू नका. थोडा वेळ नुसते उभे राहू.

तोतारामभाऊ, तुम्ही मला विचारलं आणि मी चुकीचं सांगितलं. तुम्ही मला क्षमा करायला आता नाही आहात. मी तुम्हाला हात जोडतो.